गद्याचा पेपर: अर्जापासून छायाप्रतीपर्यंत

एम.ए. मराठीला कवितेच्या पेपरची भीती सगळ्यांनाच वाटते, पण गुण जातात ते गद्याच्या पेपरात. कविता पहिल्या वाचनात कळत नाही, म्हणून माणूस ती चारदा वाचतो. कथा एका बैठकीत कळते, आवडते, आणि परीक्षेत तीच कथा पुन्हा सांगितली की उत्तर झालं असं वाटतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहून, बहिःस्थ विद्यार्थी म्हणून, हा पेपर नुकताच हातावेगळा झाला. शिकवणारं कुणी जवळ नसताना गद्य कसं वाचायचं, विश्लेषण म्हणजे नेमकं काय करायचं आणि मधल्या कागदपत्रांत कुठं अडतं, ते क्रमानं लिहिते आहे.

अर्ज जुलैत सुटले. पदवीच्या सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका, टीसी, आधार, फोटो, सही आणि एबीसी आयडी (श्रेयांकांच्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक) एवढं लागतं. पदवी दुसऱ्या विद्यापीठाची असेल तर मायग्रेशन, म्हणजे विद्यापीठ बदलण्याचा दाखला, वेगळं, आणि त्याला आठवडे लागू शकतात. अर्ज सुटायची वाट न पाहता ते आधीच मागवा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं घोडं मात्र हमखास इथंच अडतं: गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. विवाह नोंदणीचा दाखला चालतो की नावबदलाचं राजपत्र (गॅझेट) लागतं, हे फी भरण्याआधी विचारून घ्या. फी भरल्यावर दुरुस्तीचा अर्ज निराळा आणि त्याची फीही निराळी. शिक्षणात खंड पडला असेल तर तसं प्रतिज्ञापत्र. सेतू केंद्रात फोटो-सही अपलोड करताना फाइल इतकी बारीक करतात की हॉल तिकिटावर सही दिसतच नाही, म्हणून काळ्या शाईच्या जाड पेनानं सही करून न्यावी. आणखी एक: प्रवेश फी आणि परीक्षा फी वेगवेगळ्या वेळी भरायच्या असतात. प्रवेश झाला म्हणून निर्धास्त बसणारे परीक्षा अर्जाची तारीख हुकवतात आणि विलंब शुल्क भरतात.

ऑगस्ट पुस्तकं जमवण्यात गेला. तालुक्याच्या वाचनालयात अनामत भरून सभासद होता येतं. गावातल्या ड वर्गाच्या (शासनाच्या वर्गवारीत सगळ्यात लहान) वाचनालयात कादंबऱ्या बऱ्या मिळतात, समीक्षेचं पुस्तक सहसा नाही. संदर्भ विभागातलं पुस्तक घरी देत नाहीत. तिथंच बसून नोंदी काढायच्या, नाहीतर हवी तेवढी पानं झेरॉक्स करायची. पानाला दोन रुपये धरले तर सव्वाशे पानांचे अडीचशे होतात, तेवढ्यात कितीदा तरी नवं पुस्तकच येतं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. मराठी विश्वकोशही तसाच. 'कादंबरी' आणि 'निबंध' या नोंदी गाइडच्या आधी वाचून काढाव्यात. गाइड शेवटच्या आठवड्यासाठी ठेवा. ते आधी हातात आलं की मूळ पुस्तक उघडलंच जात नाही.

अभ्यासक्रमात जुनं गद्य असेल तर लीळाचरित्र समोर येतंच. मराठी गद्याचा हा पहिला मोठा ग्रंथ आपल्याच अमरावती जिल्ह्यात, रिद्धपुरात, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध झाला. महानुभाव पंथाच्या म्हाइंभटांनी पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी माणसामाणसाकडून गोळा करून तो लिहिला. पुढं मूळ पोथी हरवली आणि स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला, त्यामुळे पाठभेद पुष्कळ. ह. ना. नेने यांची आवृत्ती वेगळी, १९७८ ची वि. भि. कोलते यांची वेगळी. लीळांचे, म्हणजे चक्रधरांच्या आठवणींतल्या एकेका प्रसंगाचे, क्रमही जुळत नाहीत. उत्तरात लीळेचा क्रमांक द्यायचा तर कोणत्या आवृत्तीचा ते लिहा, नाहीतर क्रमांक देऊच नका.

या गद्यात एक फसवी जागा आहे. छापील पानावर स्वल्पविराम, अवतरणचिन्हं, पूर्णविराम सगळं दिसतं, आणि विद्यार्थी त्यावरून 'छोटी छोटी वाक्ये' असा मुद्दा काढतो. ती चिन्हं संपादकांची आहेत. आजची विरामचिन्हं मराठीत रुळली ती एकोणिसाव्या शतकात, मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याच्या खटपटीनं. म्हणून जुन्या गद्यात वाक्याची लांबी चिन्हांवरून मोजायची नाही, क्रियापदांवरून मोजायची. क्रियापदं मोजली की लीळेचा सांगाडा उघडा पडतो: ठिकाण, कोण आलं, काय विचारलं, 'सर्वज्ञें म्हणीतलें' (सर्वज्ञ म्हणजे चक्रधर), आणि संपलं. सांगणारा स्वतःचं मत घालत नाही, मनात काय चाललं होतं तेही सहसा सांगत नाही. उत्तराचा खरा मुद्दा हा आहे. आणि हे ग्रंथ शतकानुशतकं सांकेतिक लिपीत, पंथाच्या आत राहिले. बाहेरच्या अभ्यासकांना ते उलगडले विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. तेव्हा 'पुढच्या बखरींवर लीळाचरित्राचा प्रभाव पडला' असं ठोकून देऊ नये.

सप्टेंबरात आधुनिक गद्य. इथं पद्धत बसवायला वेळ लागतो, पण एकदा बसली की कुठल्याही उताऱ्याला चालते. पहिलं वाचन मोठ्यानं, पेन्सिल हातात न घेता. जीभ कुठं अडखळते, कुठं आपोआप वेग घेते, एवढंच ध्यानात ठेवायचं. दुसऱ्या वाचनात फक्त क्रियापदांखाली रेघ मारायची. तिसऱ्यात प्रत्येक वाक्यासमोर समासात दोन गोष्टी लिहायच्या: हे कोण सांगतंय, आणि हे कुणाच्या डोळ्यांनी दिसतंय. ही दोन माणसं बरेचदा वेगळी असतात, आणि ती वेगळी झाली त्या वाक्यापाशी विश्लेषणाला खाद्य मिळतं.

खालचा उतारा कुठल्याही पुस्तकातला नाही, पद्धत दाखवण्यापुरता रचला आहे.

काट्यावर कापसाचं गाठोडं चढलं. व्यापाऱ्याच्या पोऱ्यानं आकडा वाचला, वहीत लिहिला. गंगूबाई काट्याकडं पाहत नव्हती. ती गाठोड्याच्या गाठीकडं पाहत होती. लुगड्याचा तो काठ तिच्या ओळखीचा होता. "ओला हाये माल," पोऱ्या म्हणाला. "दोन किलो कमी धरतो." पाऊस पंधरा दिवसांपासून नव्हता. "धर बाप्पा," ती म्हणाली आणि गाठ सोडायला वाकली.

बहुतेक उत्तरपत्रिकांत याचं असं होतं: 'लेखकाने शेतकरी स्त्रीची व्यथा व व्यापाऱ्याकडून होणारी पिळवणूक जिवंतपणे चितारली आहे.' यात खोटं काही नाही, पण उताऱ्यातला एकही शब्द त्यात नाही. हेच वाक्य ऊस, कांदा, दूध, कशावरच्याही कथेला चिकटवता येईल.

आता क्रियापदं पाहा. चढलं, वाचला, लिहिला: तीन कामं, तिन्ही उरकलेली. मग 'पाहत नव्हती', 'पाहत होती', आणि काळ ताणला जातो. काट्याचा व्यवहार एका चालीनं चाललाय, तिचं पाहणं दुसऱ्या. पुढचं जरा बारकाईनं. 'गाठोडं चढलं', पण चढवलं कुणी? वाक्यात माणूसच नाही, जणू गाठोडं आपल्या पायांनी काट्यावर गेलं. लगेच पुढं 'पोऱ्यानं आकडा वाचला' इथं मात्र माणूस हजर. आकडा ज्याच्या ताब्यात त्याचं नाव कामाला लागलंय. उचलणारा हात, मग तो कुणाचाही असो, वाक्यातून गळलाय. पिळवणूक हा शब्द न वापरता एवढं दाखवता आलं, तर परीक्षक थांबून वाचतो.

मग डोळे कुणाचे? 'काट्याकडं पाहत नव्हती' हे बाहेर उभ्या असलेल्या माणसाला दिसतं. 'लुगड्याचा तो काठ' म्हणताच निवेदक तिच्या जागी गेला. 'एक काठ' नाही, 'तो' काठ. आधी पाहिलेल्या, नेसलेल्या वस्तूलाच असं म्हणता येतं. जुन्या लुगड्यात कापूस बांधलाय हे न सांगता कळतं. आणि 'पाऊस पंधरा दिवसांपासून नव्हता' हे कोण म्हणतंय? अवतरणचिन्हं नाहीत, 'तिला वाटलं' असंही नाही. निवेदकानं दिलेली माहिती आहे की तिनं गिळलेलं उत्तर, हे वाक्य उघडं ठेवतं.

पुढची पायरी अदलाबदलीची. वाक्य बदलून पाहायचं आणि काय गेलं ते लिहायचं. पावसाच्या वाक्याऐवजी 'पोऱ्या खोटं बोलत होता' असं घाला. वाचकाचं काम संपलं, निवेदक न्यायाधीश झाला. तेच पावसाचं वाक्य उचलून उताऱ्याच्या सुरुवातीला ठेवा: आता पोऱ्या बोलण्याआधीच वाचकाला सगळं ठाऊक, त्याच्या बोलण्याची टोच गेली. 'गाठोडं चढलं' ऐवजी 'तिनं गाठोडं चढवलं' करा, तिला एकदम बळ येतं आणि शेवटचं 'धर बाप्पा' विसंगत वाटायला लागतं. एका उताऱ्यावर अशा दोन-तीन अदलाबदली पुरतात. 'शैली' म्हणून जे काही असतं ते हेच: लेखकाला दुसरं वाक्य लिहिता येत असताना त्यानं हे का लिहिलं.

खेड्यातल्या वाचकाचा इथं एक फायदा आहे आणि एक धोकाही. थंडीत पहाटेच्या दवानं कापूस ओलसर होतो, हे इकडं लहान पोरालाही माहीत असतं. तेव्हा पाऊस नव्हता म्हणून माल कोरडाच होता असं होत नाही. सकाळ होती की दुपार, हे उताऱ्यात कुठंही नाही. पोऱ्या लबाड आहे हे पक्कं धरून चालणाऱ्या वाचकाला ही फट दिसत नाही. धोका असा की आपल्याला माहीत असलेली सगळी दुनिया आपण उताऱ्यात कोंबतो: कापसाचे भाव, कर्ज, आत्महत्या, सरकार. उताऱ्यात त्यातलं काही नसेल तर उत्तरातही ते नको. बाहेरची माहिती आणायची ती उताऱ्यातल्या एखाद्या शब्दाची संदिग्धता दाखवायला, जसं दवानं केलं.

दुसरं टोक म्हणजे प्रतीकांचा हव्यास. 'वाकली हे शरणागतीचे प्रतीक आहे' असं लिहायचा मोह आवरा. गाठ सोडायची तर वाकावंच लागतं. 'साध्या कृतीचं क्रियापद शेवटी आल्यामुळे ते जड झालं' एवढं म्हणता येतं, त्यापलीकडे पुरावा नाही.

वऱ्हाडी बोलीबद्दल जरा सविस्तर लिहावंसं वाटतं, कारण आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना हा मुद्दा सोपा वाटतो आणि नेमका इथंच ते एक ओळ लिहून सुटतात: 'बोलीभाषेमुळे संवाद जिवंत झाले.' विचारायचं ते हे, की बोली कुणाच्या तोंडी आहे, कुणाच्या नाही, आणि निवेदकाची भाषा तिच्यापासून किती लांब उभी आहे. वरच्या उताऱ्यात घेणारा आणि देणारी दोघंही एकाच बोलीत बोलतात, तेव्हा 'बोली म्हणजे गरिबाची भाषा' हे सूत्र इथं लागू पडत नाही. निवेदन प्रमाण मराठीत आहे, पण त्यात 'पोऱ्या' हा शब्द शिरलाय. म्हणजे निवेदक शहरातून आलेला पाहुणा नाही. 'धर बाप्पा' मधला 'बाप्पा' आदर नाही की विनवणी नाही, कंटाळून विषय संपवणं आहे. हे शब्दकोशात शोधून सापडणार नाही, ते तुमच्या कानात आहे. त्याचा उपयोग करा. उद्धव शेळके यांची 'धग' ही कादंबरी (१९६०) नेमलेली असेल तर संवादांची वऱ्हाडी आणि निवेदनाची मराठी यांच्यातलं हे अंतर पानापानावर तपासता येईल.

अख्खी कादंबरी अशी वाचता येत नाही, वाचूही नये. तिच्यासाठी वहीत तीन रकाने पाडायचे: प्रकरण, त्यात किती काळ जातो, किती पानं जातात. दहा वर्षं चार पानांत आणि एक रात्र पंचवीस पानांत गेली असेल, तर कादंबरीचा भार त्या रात्रीवर आहे; प्रश्न काहीही येवो, ते प्रकरण तयार ठेवा. मग तीन जागा निवडून तिथंच वरची पद्धत लावायची: पहिलं पान, काळ अचानक उडी मारतो ती जागा, आणि शेवटचं पान. तीनशे पानांच्या कादंबरीला एवढं पुरतं.

ललित निबंधात कथानक नसतं, तिथं एका परिच्छेदातून पुढच्यात लेखक कशाच्या आधारानं उतरतो ते पाहायचं: एखादी आठवण, एखादा शब्द, एखादा वास. वैचारिक निबंधात दावा, कारण, उदाहरण आणि विरोधकाला दिलेलं उत्तर वेगवेगळ्या खुणांनी दाखवायचं. आत्मचरित्रात 'मी' दोन असतात, जगलेला आणि आता लिहिणारा, आणि लिहिणारा जगलेल्यावर कुठं हसतो, कुठं त्याला पाठीशी घालतो ते टिपायचं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात स्वाध्याय द्यायचे होते. हा कापूस वेचणीचा हंगाम, त्यात सोयाबीन निघून गहू-हरभऱ्याची घाई, आणि वीज कधी जाईल त्याचा नेम नाही. पीडीएफ फोनवर उतरवून ठेवल्या तरच अभ्यास होतो. स्वाध्याय हातानं लिहिलेला, एका बाजूनं, समास सोडून. जमा करताना पोच घ्याच. केंद्रावर गठ्ठे गहाळ होतात, आणि अंतर्गत गुण कोरे राहिले तर तुमच्याकडं त्या पोचेशिवाय दुसरं काही नसतं. देण्याआधी सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा.

लिहिण्याची घडी साधी ठेवावी. परिच्छेदाच्या तोंडी एक दावा, मग उताऱ्यातले तीन-चार शब्द जसेच्या तसे, मग त्या शब्दांनी काय केलं. लांबलचक अवतरण पाठ करून उतरवण्यात अर्थ नाही, त्यानं पान भरतं पण मुद्दा पुढं सरकत नाही. लेखकाचं जन्मगाव, पुरस्कार, ग्रंथसंपदा यांवर अर्धं पान घालवण्याची आपल्याकडं जुनी खोड आहे. प्रश्नात विचारलं नसेल तर एकही ओळ नको. लिहून झाल्यावर 'ओघवती', 'जिवंत', 'काळजाला भिडणारी', 'मार्मिक' हे शब्द शोधून खोडा. खोडल्यावर वाक्यात काही उरत असेल तर ते वाक्य ठेवा.

परीक्षा डिसेंबरात, केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे प्रवासाचा भार हलका होतो, पण सकाळच्या पहिल्या गाडीच्या भरवशावर राहू नका. आदल्या दिवशी नातेवाइकांकडं मुक्काम केलेला बरा. हॉल तिकिटाची रंगीत प्रत आणि मूळ आधार सोबत. पेपर हातात आला की अर्धा तास पोटात गोळा राहतो, ते सगळ्यांचंच होतं; तेवढ्या वेळात टिपांचा प्रश्न लिहून काढावा, हात चालू होतो.

आमच्या पेपरला ८० गुण आणि तीन तास होते. म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं, १६ गुणांच्या प्रश्नाला छत्तीस. त्यातली पाच मिनिटं कच्च्या मुद्द्यांना आणि उरलेल्या एकतीस मिनिटांत साडेतीन-चार पानं. प्रश्नातलं क्रियापद वाचल्याशिवाय पेन टेकवू नका. 'विशद करा' म्हटलं की मुद्दे उदाहरणांसह उलगडायचे. 'चर्चा करा' म्हणजे दुसरी बाजूही मांडायची. तिथं एकतर्फी उत्तराला गुण कमी पडतात. 'रसग्रहण करा' मध्ये आशय, भाषा आणि परिणाम तिन्ही हवे. 'निवेदनपद्धतीचा विचार करा' म्हटल्यावर कथानक सांगायचंच नाही, फक्त कोण सांगतंय, किती जाणून आहे, काय दडवतंय. या शेवटच्या प्रश्नाला बहुतेक जण बगल देतात, आणि तयारी असेल तर सगळ्यात भरवशाचा प्रश्न तोच.

निकालाला मार्च उजाडला. संकेतस्थळ पहिल्या दोन दिवसांत उघडत नाही, रात्री उशिरा पाहावं. गुण अपेक्षेपेक्षा फारच कमी असतील तर थेट पुनर्मूल्यांकनाला पैसे घालू नका. आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. निकालानंतर ठरावीक दिवसांतच अर्ज घेतात, तारीख विद्यापीठाच्या परिपत्रकात असते आणि ती वाढवून मिळेलच असं नाही. छायाप्रत हाती आली की गुण वाचण्याआधी तीन गोष्टी पाहा: पुरवण्या सगळ्या जोडलेल्या आहेत का, प्रत्येक प्रश्नासमोर गुण लिहिलेले आहेत का, आणि आतले गुण मुखपृष्ठावरच्या बेरजेशी जुळतात का. यातलं काही चुकलं असेल तर गुणपडताळणीचा अर्ज पुरतो, त्याची फी पुनर्मूल्यांकनापेक्षा कमी असते. बेरीज बरोबर असेल तर प्रत घेऊन बसा आणि परीक्षकाची लाल रेघ कुठं थांबली आहे ते पाहा. तो जिथं भराभर खाली गेलाय तिथं कथानक सांगितलेलं असतं.